किंमत कशाला विचारता, हप्ता विचारा

सगळ्यात आधी तोंडातून "केवढ्याला?" हा शब्द कायमचा काढून टाका. तो आपल्या आईवडिलांचा प्रश्न. गोखले रोडवर कापड बोटांत चुरगाळून ते "केवढ्याला?" विचारायचे, उत्तर ऐकून "बघू" म्हणायचे आणि पिशवी रिकामीच घेऊन नौपाड्यात परतायचे. या एका "बघू"नं ठाण्याच्या व्यापाराचं किती नुकसान केलं असेल, देव जाणे. तुम्ही विचारायचं, "हप्ता किती बसेल?" उत्तर नेहमी झेपेल असंच येतं, कारण तुमचा पगार विचारूनच ते काढलेलं असतं.

हात बसायला मोबाइलपासून सुरुवात करा. ६०,००० चा फोन रोख घेतलात तर दुकानदार कदाचित हजार-दोन हजार सोडेलही, पण रोख मोजणारा माणूस हल्ली दुकानात जरा संशयास्पद दिसतो. त्यापेक्षा 'नो कॉस्ट' हप्ते: महिना १०,०००, सहा महिने. यात व्याज नसतं असं नाही. व्याजाएवढी सूट आधी दाखवतात, मग तेवढंच व्याज लावतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. बाजारानं ते ऐकलं. पाटीवरचं 'शून्य टक्के' पुसलं आणि 'नो कॉस्ट' लिहिलं.

फोन पचला की क्रेडिट कार्डाकडे वळा. बिलात दोन आकडे असतात. मोठ्याकडे बघू नका, उगाच रक्तदाब वाढतो. छोट्याला 'मिनिमम ड्यू' म्हणतात, तो आपला. समजा ५०,००० चं बिल आलं आणि तुम्ही पाच टक्के, म्हणजे २,५०० भरले. मान ताठ, थकबाकीदारांच्या यादीत नाव नाही. आता महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज होतं १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. म्हणजे तुमच्या अडीच हजारांतून कर्ज कमी झालं ४३५ रुपयांनी. शिवाय मागचं पूर्ण फिटेपर्यंत पुढच्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दूध-पाव घेतलात तरी मीटर त्याच दिवसापासून पडतं. साडेतीन टक्के ऐकायला किती सोज्वळ वाटतात! बारानं गुणायचा आचरटपणा करू नका. ४२ येतात. पूर्वी याला पठाणी व्याज म्हणायचे, पण त्या बिचाऱ्या पठाणाला वसुलीसाठी दारात येऊन उभं राहावं लागायचं. आता पैसे आपोआप खात्यातून कापून जातात, कुणाच्या चपला झिजत नाहीत.

पहिलं कार्ड भरलं की दुसरं घ्या, दुसऱ्यानं पहिल्याचं मिनिमम भरा. दोन्ही भरली की पर्सनल लोन काढून दोन्ही कार्डं कोरी करा आणि इथे एक पथ्य पाळा: कोरी झालेली कार्डं बंद करू नका. रिकामं भांडं घरात ठेवू नये म्हणतात. मी नाही ठेवलं. तीन महिन्यांत दोन्ही पुन्हा काठोकाठ, आणि पर्सनल लोन तिसरीकडे उभंच.

सोन्याचं वेळापत्रक तर सरळ आहे. पाडव्याला मुहूर्तावर घ्यायचं, स्वागतयात्रेत मिरवायचं आणि गणपतीच्या आधी तारण ठेवायचं. गौरीला विचारलंच कुणी, तर "लॉकरमध्ये आहे" म्हणा. खोटं नाही. लॉकर आपलं नाही, इतकंच.

मग फोन येऊ लागतील. घाबरू नका, त्यालाही नियम आहेत. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. घोडबंदरकरांना तर हा नियम वरदानच. ऑफिसातून निघून ठाणे स्टेशनला उतरा, रिक्षाच्या रांगेत उभे राहा, माजिवड्याला अडका, कापूरबावडीला पुन्हा अडका, पातलीपाडा येईपर्यंत सात वाजून गेलेले असतात. (तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. आपली खतं सर्व्हरवर असतात. तलावपाळीला नेऊन काय बुडवणार, मोबाइल?)

गाडीचं मात्र मनावर घ्या. ती चालवायची नसते, हे आधी समजून घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेल्या, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढलेल्या गाडीचा फोटो टाकायचा, एकशे बारा अंगठे मोजायचे आणि गाडी पार्किंगमध्ये झोपवायची. ऑफिसला लोकल आहेच. आमच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या जुन्या स्कूटरवरून मला एकदा स्टेशनला सोडलं. वाटेत म्हणाले, "गाडीला काही झालंय का?" म्हटलं, "नाही, हप्ता चालू आहे."

आणि काटकसर? अवश्य करा, पण जागा नीट निवडा. मामलेदारच्या मिसळीवर जादा पाव मागवू नका. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घाला, पाच रुपये सोडवा आणि रिक्षानं घरी या. घरात बायको फ्रीजवरच्या यादीत दर महिन्याचे सात हप्ते लिहीत असेल, तिला ती जुडी उंचावून दाखवा. आमची ही त्यावर काहीच बोलली नाही. तिनं यादीतल्या आठव्या ओळीवर 'कोथिंबीर' लिहिलं.

हे सगळं अंगवळणी पडलं की तुम्ही घराला लायक झालात. घर बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती वाचवायची नसते, मॉड्युलर किचनमध्ये घालायची असते. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ४३,३९१. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ व्याजात जातात आणि घर तुमचं होतं ७,९७४ रुपयांपुरतं. मी हिशेब केला तेव्हा बाथरूमच्या दाराची कडी आणि थोडी चौकट, एवढं आमचं झालं होतं. वीस वर्षांची बेरीज १ कोटी ४ लाखांच्या वर जाते. म्हणूनच ती बँकवाल्या मुलानं केली नाही आणि आम्हीही त्याला करायला लावली नाही. दोन्हीकडून सभ्यपणा पाळला गेला.

वास्तुशांतीला बाबा आले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, जन्म नौपाड्याच्या चाळीतला. पगाराच्या दिवशी दूध, वाणी, भाडं, शाळा अशी वेगवेगळी पाकिटं करायचे आणि 'शाळा'मधले पैसे 'वाणी'त गेले तर आतमध्ये चिठ्ठी टाकून ठेवायचे. स्वतःचं स्वतःला देणं. त्यांनी फरशीवर पाय घासून बघितला, नळ सोडून बघितला, बेडरूममधल्या गादीवर बसून बघितलं (चोवीस हप्ते, पण मी बोललो नाही). मग ठेवणीतला प्रश्न काढलाच.

"केवढ्याला पडलं?"

"त्रेचाळीस हजारांना," मी म्हणालो.

"बरंच स्वस्त मिळालं की," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. एकविसाव्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर येऊरचा डोंगर, पावसानं हिरवागार. बराच वेळ बघत होते.

"हा डोंगर त्यातच, की वेगळा?"

बिल्डरच्या कागदावर वरच्या मजल्याचे आणि डोंगर दिसण्याचे चौरस फुटामागे जादा पैसे लावलेले मला आठवले.

"वेगळा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि खिशातून आहेराचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'डोंगर'.