जखम पिकावी लागत नाही

काल ड्रेसिंगला एक आजोबा आले. ऊस तोडताना नडगीला कोयता लागलेला, त्याला सहा दिवस झालेले. वर हळद-चुना थापलेला, खाली पू. मला म्हणाले, "सिस्टर, पिकलीय म्हणजे घाण बाहेर पडतीय. आता भरंल ना?"

बावीस वर्षं ड्रेसिंग करतेय, हा प्रश्न सुटलेला नाही. आणि दर वेळी मला थिओडोरिक आठवतो.

तेराव्या शतकातला हा इटलीचा शल्यवैद्य, शिवाय तिथल्याच सेर्व्हिया गावचा बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. तेव्हा भलेभले वैद्यही आजोबांसारखंच मानायचे, पू झाल्याशिवाय जखम भरत नाही. म्हणून मलमं लावून, बोळे कोंबून ती मुद्दाम पिकवायचे. १२६७च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात थिओडोरिकने ठणकावून सांगितलं, की याहून मोठी चूक नाही. त्याची रीत साधी होती. जखमेतलं माती-चिंधी सगळं काढायचं, वाईनने धुवायचं, कडा जुळवून शिवायचं, वाईनमध्ये भिजवलेली पट्टी बांधायची आणि उगाच उघडझाप करायची नाही. जंतू हा शब्दही ठाऊक नसताना! हे तो ह्यूगो दा लुका या गुरूकडून शिकला. ह्यूगो क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या फौजेबरोबर इजिप्तला जाऊन आलेला, जखमा भरपूर पाहिलेला माणूस.

त्याच ग्रंथात भूल देण्याची कृतीही आहे. अफू, खुरासानी ओवा, मँड्रेक या गुंगी आणणाऱ्या झाडाचा रस वगैरे पितळेच्या भांड्यात आटवून तो स्पंजात मुरवायचा, स्पंज वाळवून ठेवायचा. ऑपरेशनआधी तासभर गरम पाण्यात भिजवून रोग्याच्या नाकाशी धरायचा. जागं करायला व्हिनेगरचा स्पंज. ही भूल भरवशाची नसणार, नुसत्या वासाने अफू चढत नाही. तरी सुरी लावण्याआधी रोग्याचं दुखणं कमी करायला हवं हे त्याला वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे फ्रान्समध्ये आँरी द मोंदव्हील या शल्यवैद्याने जखमा न पिकवण्याचं तेच सांगितलं. तरी वैद्य पिकवतच राहिले. जंतूंमुळे पू होतो हे धरून लिस्टर या ब्रिटिश सर्जनने जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पद्धत मांडली ती १८६७ साली. सहाशे वर्षं गेली मध्ये! त्यात किती हातपाय, किती बाळंतिणी, किती शिपाई गेले असतील, या विचाराने जीव कळवळतो.

आजोबांना डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, मेलेलं मांस काढलं, मी सलाईनने जखम धुतली. "दुखलं न्हाई की," म्हणाले. सुनेला बजावलंय, चुना लावायचा नाही, परवा परत आणायचं.