विटबिअर, लवंगेचा वास आणि गार ग्लास : एका प्रतिक्रियेला उत्तर

उन्हाळ्यात विटबिअर, म्हणजे बेल्जियमची गव्हाची गढूळ बिअर, ५-६ अंशांवर प्यावी असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. उन्हाळ्यात बिअर बर्फगारच हवी, ५-६ अंशांचा आग्रह हा नुसता आव. गढूळ बिअर म्हणजे बिघडलेली. आणि लवंगेचा वास आला तर बाटली परत करावी.

आधी वासाचं बघू. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, लवंग नाही. तो वास यीस्टचा. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून ते ४-व्हिनाइल ग्वायाकॉल बनवतं, आणि ते नाकाला लवंगेसारखं लागतं. पिल्सनरमध्ये, म्हणजे नितळ, फिकट सोनेरी बिअरमध्ये, हाच वास आला तर तुमचं म्हणणं खरं, तिथे तो दोषच. परत करण्यासारखा वास निराळा : गांजासारखा उग्र, ऊन लागलेल्या बिअरचा. उजेडाने हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) कडू घटक तुटतात आणि गंधकाचं संयुग तयार होतं. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत हे लवकर होतं, तपकिरीत उशिरा. पटत नसेल तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एक सावलीत, एक कडक उन्हात ठेवा. दहा मिनिटांनी दोन्ही हुंगा. उन्हातला ग्लास ओळखायला सांगावं लागणार नाही.

गढूळपणा गव्हाचा आणि यीस्टचा. १९६६ साली पिएर सेलिस यांनी बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बंद पडलेली बिअर पुन्हा सुरू केली, तीही गढूळच. पाऊण बाटली ओता, उरलेली हलकेच फिरवून गाळासकट ओता. बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला किंवा व्हिनेगरसारखी आंबट चव लागली, तर मात्र खुशाल फेका.

आता गारवा. २ अंशांवर धणे, साल काहीच कळत नाही, नुसता गॅस टोचतो. फ्रीझरमधला ग्लास तर नकोच. त्यावरच्या हिमकणांवर गॅस सुटतो, निम्मा ग्लास फेसाचा, शिवाय वितळलेलं पाणी बिअरमध्ये. साबणाचा अंश न राहिलेला ग्लास गार पाण्याने विसळून ओलाच घ्या. उन्हात बिअर पटकन तापते हा तुमचा मुद्दा रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ४ अंशांवर सुरुवात करायची, एका वेळी १५० मिली ओतायची आणि बाटली बर्फाच्या पाण्यात परत ठेवायची.

एक चूक मात्र माझी. ‘कुठलीही बेल्जियन चालेल’ असं लिहायला नको होतं. वेस्टमाल ट्रिपेल ही कडक बिअरही बेल्जियनच, पण ९.५ टक्के अल्कोहोलची आहे : ३३० मिलीत जवळजवळ २५ ग्रॅम अल्कोहोल, ५ टक्क्यांच्या विटबिअरमध्ये १३. भर दुपारी तहानेवर ती उघडू नका. ऊन उतरल्यावर, ८ ते १० अंशांवर, सावकाश.