अर्ध्या मिलिमीटरचे भोक

मोटारीच्या डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे स्पष्टवक्ते असतात. पेट्रोल संपत आले की पंपाचे चित्र उमटते, दार नीट लागले नसेल तर उघड्या दाराचे चित्र दिसते, आणि पट्टा बांधला नसेल तर गाडी बांधेपर्यंत ठणाणा करते. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा मात्र काहीतरी बिघडले आहे एवढेच सांगून गप्प बसतो. काय बिघडले, किती बिघडले, इथेच थांबावे की घरी जावे, याविषयी तो अवाक्षर काढत नाही. तो लुकलुकू लागला तर इंजिनात पेट्रोल धड पेटत नाही आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या डब्याची, वाट लावील, तेव्हा गाडी लगेच बाजूला घ्यावी, असे जाणकार सांगतात. पण तो नुसताच शांतपणे जळत राहिला, तर माणूस त्याच्याशी जमवून घेतो. माझा दिवा शांत जळणाऱ्यांपैकी होता. गाडी सुरू होत होती, चालत होती, सांगितल्यावर थांबत होती, आणि तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा मी कधी केलेली नव्हती.

कॅलिफोर्नियात हे जमवून घेणे फार तर दोन वर्षे चालते. गाडी नवी असताना, म्हणजे पहिली आठ वर्षे, सरकार थोडी फी घेऊन तिच्याकडे काणाडोळा करते. पुढे मात्र साधारण दर दोन वर्षांनी रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाच्या पत्रात ‘स्मॉग चेक आवश्यक’, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची तपासणी करून आणा, अशी ओळ येते. १९७५ किंवा त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना यातून कायमची सुटका आहे. माझी गाडी २०११ सालची असल्यामुळे तिचे वय नवी म्हणवून घ्यायला जास्त आणि पुराणवस्तू म्हणवून घ्यायला कमी पडले.

या तपासणीवर मनापासून चिडावे म्हटले तर इतिहास आडवा येतो. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा काही दाट धूर उतरला, की डोळे चोळणाऱ्या नागरिकांना तो जपान्यांचा विषारी वायूचा हल्ला वाटला. पुढे कॅलटेक या तिथल्या विज्ञानसंस्थेतले मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट, जे तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते, त्यांनी दाखवून दिले की हा हल्ला आपल्याच मोटारींचा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा आहे: धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडले की ते धुके तयार होते. यातली ‘पेट्रोलची वाफ’ वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिनेच मला छळले. माझी गाडी जपानी बनावटीची आहे, त्यामुळे १९४३ च्या नागरिकांचा संशय माझ्यापुरता अगदीच निराधार ठरला नाही, एवढेच म्हणतो.

मला ते स्मॉग चेकचे पत्र आले त्या सुमारास माझे वडील सांगलीहून आमच्याकडे आलेले होते. अण्णा एसटीच्या कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि इंजिनाचा आजार आवाजावरून ओळखता येत नसेल तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, दोन मिनिटे कान दिला आणि निदान केले, “इंजिन ठणठणीत आहे. दिवा काढून टाक.”

“अण्णा, तो काढलेला त्यांना कळतो.”

“मग वर काळी पट्टी चिकटव.”

हा उपाय करून पाहणारे या राज्यात पुष्कळ झाले असावेत, कारण नियम करणाऱ्यांनी त्याचा बंदोबस्त करून ठेवला आहे. तपासणीत आधी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवतात आणि त्या वेळी हा दिवा लागलाच पाहिजे. न लागला तर गाडी नापास. मग इंजिन सुरू करतात आणि आता तो विझलाच पाहिजे. न विझला तरी नापास. दिवा जिवंत आहे पण त्याला बोलण्यासारखे काही नाही, अशी दुहेरी खात्री त्यांना हवी असते.

अण्णांना याहून मोठा धक्का तपासणीच्या पद्धतीने बसला. आपल्याकडे पेट्रोल पंपाच्या कडेला पीयूसीची व्हॅन उभी असते, तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि यंत्रावर आकडे उमटतात, हे त्यांना ठाऊक होते व तत्त्वतः मान्यही होते. इकडे २००० च्या आधीच्या गाड्यांना अजूनही रोलरवर चढवून, जागच्या जागी पळवून त्यांचा धूर मोजतात. परंतु २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या धुराकडे नुसते डोळ्यांनी पाहतात, आणि खरी तपासणी स्टीअरिंगखालच्या एका खोबणीत वायर जोडून गाडीच्याच संगणकाला प्रश्न विचारून करतात. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ही खोबण आहे. “म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू चोरी केलीस का?” असे अण्णा म्हणाले. त्यांचा आक्षेप वरकरणी बिनतोड होता, पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती: हा चोर धडधडीत खरे बोलतो, आणि तेही न विचारता.

माझ्या गाडीने जबानी दिली ती ‘पी०४५६’ अशी. अर्थ असा, की टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची वाफ कोंडून ठेवणारी जी बंदिस्त व्यवस्था असते, तिला कुठेतरी बारीक गळती आहे. बारीक म्हणजे किती, तर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी. ते पकडण्याची माझ्या गाडीची तऱ्हा पाहून मी थक्क झालो. तिच्या पोटात एक इवलासा पंप आहे आणि त्या पंपात कारखान्यानेच मुद्दाम पाडलेले, अर्ध्या मिलिमीटरचे एक अधिकृत भोक आहे. पंप आधी त्या भोकातून हवा ओढून पाहतो, मग टाकीतून ओढून पाहतो, आणि टाकी त्या नमुन्यापेक्षा जास्त गळत असेल तर दिवा लावतो. आपल्याच पोटात प्रमाणित भोक बाळगून त्यावर स्वतःची गळती पारखणारे यंत्र मला नैतिकदृष्ट्या बरेच वरचे वाटले.

अशा वेळी पहिला संशय टाकीच्या झाकणावर घ्यायचा, ही इथली रीत आहे. नवे झाकण आणले, ते तीनदा ‘टक टक टक’ वाजेपर्यंत पिळले, दिवा तसाच. मग एका गॅरेजात गेलो. तिथल्या मेकॅनिकने गाडी वर उचलली, एका यंत्रातून त्या बंदिस्त व्यवस्थेत पांढरा धूर भरला आणि विजेरी घेऊन तो खाली उभा राहिला. धूर आटोक्यात ठेवणारी व्यवस्था दुरुस्त करण्यासाठी तिच्यात आधी धूर भरावा लागतो, हे अण्णा डोळे विस्फारून पाहत होते. थोड्या वेळाने, वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याजवळच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या रबरी नळीच्या वाकणातून, उदबत्तीला लाज वाटावी इतकी बारीक रेघ वर आली. नळी कडक होऊन तिला केसासारखी चीर पडली होती. अण्णांनी ती नखाने दाबून पाहिली आणि प्रथमच मान डोलावली. नळीची किंमत किरकोळ होती. चीर शोधण्याची किंमत तशी नव्हती.

नळी बदलली, मेकॅनिकने स्कॅनर लावून संगणकातली नोंद पुसली, दिवा विझला, आणि पुसताना संगणक इतर सगळेही विसरला. गाडीचा संगणक चालता चालता स्वतःच्या एकेका अवयवाची परीक्षा घेत असतो: कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, त्या सेन्सरच्या हीटरची आणि आणखी कशाकशाची. नोंद पुसली, किंवा बॅटरीची तार नुसती काढून लावली, की या सगळ्या परीक्षा ‘अपूर्ण’ होतात. अपूर्ण गाडी कॅलिफोर्नियात पास होत नाही. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त एका परीक्षेची माफी आहे आणि ती नेमकी वाफेच्या गळतीची. म्हणजे ज्या गळतीपायी मी हैराण झालो, तिची परीक्षा अपूर्ण चालते. ज्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्या सगळ्या पूर्ण हव्यात! त्यावर हेही, की २०१० पासूनच्या गाड्यांत बिघाडाची एक कायमची नोंद राहते आणि ती कोणत्याही स्कॅनरने पुसली जात नाही. गाडीने स्वतः पुन्हा तपासून निर्वाळा दिला तरच ती जाते, नाहीतर पुसल्यानंतर गाडी किमान २०० मैल चालावी लागते आणि इंजिन १५ वेळा थंडाचे गरम व्हावे लागते. मग सरकार तिच्याकडे दुर्लक्ष करते. तपासणीच्या आदल्या रात्री दिवा विझवून येणाऱ्या चतुर लोकांसाठी हे योजले आहे. योजना चोख आहे, हे मला मान्य करावे लागते, आणि म्हणूनच तिचा अधिक राग येतो.

ही अपूर्ण परीक्षा पूर्ण करून घेण्याच्या विधीला ‘ड्राइव्ह सायकल’ म्हणतात, आणि तो एखाद्या कडक व्रतासारखा असतो. गाडी रात्रभर न हलवता थंड ठेवावी. टाकी काठोकाठ भरलेली नसावी आणि तळालाही गेलेली नसावी. सकाळी उठून ती सुरू करावी, थोडा वेळ जागीच चालू द्यावी, मग हमरस्त्यावर नेऊन ताशी ५५ मैलांच्या आसपास एकाच वेगाने चालवावी. ॲक्सिलरेटरवरचा पाय कमीजास्त करू नये. नंतर पाय काढून, ब्रेकला न शिवता वेग आपोआप उतरू द्यावा. मध्ये कुणी आडवे आले तर फळ मिळत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी पहाटे मी आणि अण्णा २८० क्रमांकाच्या हायवेने उत्तरेकडे निघालो. तिथली वेगमर्यादा ६५ आहे आणि तिच्या खाली चालणारा माणूस आजारी समजला जातो. सर्वांत उजव्या लेनमध्ये मी ५५ वर निष्ठेने टिकून होतो आणि मागून येणारे लोक शेजारून जाताना मान वळवून आमची तोंडे पाहून घेत होते. क्रिस्टल स्प्रिंग्जचा जलाशय डावीकडे दिसू लागला तेव्हा अण्णांनी विचारले, “आपण नक्की कुठं चाललोय?”

“कुठेच नाही, अण्णा. गाडी स्वतःला तपासतेय.”

“आणि पेट्रोल?”

“ते जळतंय.”

“प्रदूषण करत नाही हे दाखवायला?”

मी उत्तर दिले नाही. एसटीत प्रवासी नसताना गाडी पळाली तर त्याला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात आणि आगारप्रमुखाला त्याचा जाब द्यावा लागतो, ही माहिती त्यांनी परतीच्या वाटेवर मला सविस्तर पुरवली. मी १५ वेळा इंजिन गरम करण्याच्या हिशेबात असल्यामुळे पुढे दूध, कोथिंबीर, टपालाची तिकिटे असे प्रत्येक काम वेगवेगळ्या वेळी, इंजिन पूर्ण निवल्यानंतर काढले. घरात कोथिंबीर इतकी साठली, की वड्या कराव्या लागल्या.

वाफेची परीक्षा माझ्या गाडीने अर्थातच आपल्या सोयीने दिली. तिचा तो पंप किल्ली काढल्यानंतर सुमारे पाच तासांनी, गाडी निवांत उभी असताना चालू होतो. एका रात्री अण्णांनी मला उठवले. “गॅरेजात गाडी घुमतेय. किल्ली तर इथं आहे.” आम्ही दोघे अंधारात चपला घालून गेलो. मागच्या चाकाजवळून बारीक, एकसुरी घूं असा आवाज येत होता. अण्णा गुडघ्यावर बसले, कान लावला आणि बराच वेळ उठले नाहीत. मग आवाज आपोआप थांबला. “बेअरिंग चांगलं आहे,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वस्तातल्या स्कॅनरवर कायमची नोंद नाहीशी झालेली दिसली.

प्रत्यक्ष तपासणी चहा निवायच्या आत झाली. तपासनिसाने किल्ली फिरवून दिवा लागलेला पाहिला, विझलेला पाहिला, बॉनेटखाली नजर टाकली, सायलेन्सरच्या नळीतून धूर दिसतो का ते पाहिले, वायर जोडली, आणि यंत्राने एक कागद बाहेर काढला. पास. प्रमाणपत्र परस्पर डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, गेले. त्याचे राज्याचे ८ डॉलर २५ सेंट आणि दुकानाची फी मिळून मी पैसे भरले.

बाहेर आल्यावर अण्णा गाडीत बसायला तयार होईनात. नळीत बोट घालून कुणी पाहिलेच नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हते. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळला, वाकून तो सायलेन्सरच्या तोंडातून गोल फिरवला आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासला. दुकानातला तपासनीस काम थांबवून दारात येऊन उभा राहिला होता.

“पास आहे,” अण्णा म्हणाले, आणि रुमालाची घडी घालत त्यांनी विचारले, “त्याने किती घेतले?”