गवत वाकतं, पण वारा कुणाचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, हा माणूस प्रजेला मुकाट मान तुकवायला शिकवतो. पुरावा म्हणून ‘वाऱ्यापुढे गवत वाकणारच’ हे त्याचं वाक्य दिलंत. दोन, सज्जन राजावर सगळी भिस्त ठेवणं भाबडेपणाचं आहे. राजा दुर्जन निघाला तर काय? पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा बराचसा मान्य आहे.

गवताचं वाक्य कुणाला ऐकवलंय ते बघा. कन्फ्यूशियसच्या लू राज्यात राजा नावापुरता होता, खरी सत्ता तीन सरदार घराण्यांकडे. त्यांतला जी कांगझ विचारतो, दुर्जनांना ठार मारून राज्य सुधारलं तर? उत्तर येतं, राज्य करायला माणसं मारायची गरजच काय? तुम्ही चांगलं वागा, लोकही चांगलं वागतील; राज्यकर्ता वारा, लोक गवत. म्हणजे गवत वाकडं दिसलं तर दोष वाऱ्याचा. याच सरदाराने चोऱ्या वाढल्याची तक्रार केली, तेव्हा तर ‘तुम्हीच हावरे नसता, तर बक्षीस लावूनही कुणी चोरी केली नसती’ असं त्याला तोंडावर सुनावलंय. मुकाट मान तुकवणारा माणूस असं बोलत नाही.

कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्शियस त्याहून पुढे गेला. पूर्वीच्या झोऊ नावाच्या जुलमी राजाला मारलं ते योग्य होतं का, या प्रश्नावर तो म्हणाला, झोऊ नावाच्या एका इसमाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं ऐकलं नाही. सत्ताधाऱ्यांना हे किती झोंबत होतं? चीनच्या मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने 1394 मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातले 85 उतारे कापायला लावले. (सेन्सॉरला काय बोचलं यावरून ग्रंथाची धार कळते, असं माझं जुनं मत आहे.)

आता दुसरा आक्षेप. हो, राजाला खरं सुनवावं एवढंच या परंपरेने सांगितलं. त्याने ऐकलं नाही तर पुढे काय, याची सोय केली नाही. हाय रुई या अधिकाऱ्याने 1566 मध्ये च्याचिंग सम्राटाचे दोष लिहून पाठवले. त्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली होती म्हणतात. तो तुरुंगात गेला आणि सुटला तो सम्राट मेल्यावर! धैर्य त्याचं, पण निकाल नशिबाचा. राज्य माणसं चालवतात, कायदे आपोआप चालवत नाहीत, असं याच परंपरेतल्या शुन्झ या प्राचीन विचारवंताने फार पूर्वी म्हटलं होतं, आणि ते खोटं नाही. पण तेवढ्यावर थांबलं की असंच होतं.

फक्त, तुमचा मुद्दा सर्वांत कडकपणे मांडला तो एका कन्फ्यूशियसपंथीयानेच. त्याचं नाव हुआंग झोंगशी. त्याचे वडील दरबारातल्या खोज्यांच्या टोळीविरुद्ध बोलले म्हणून 1626 मध्ये कैदेत मेले. मुलाने 1663 च्या सुमारास शुन्झचं वाक्य उलटं केलं: आधी चांगले कायदे हवेत, मग चांगली माणसं काम करू शकतील. राजांनी केलेले कायदे हे त्यांच्या घराण्याचे कायदे आहेत, जनतेचे नव्हेत, असंही त्याने लिहिलं. शिवाय एक व्यवस्थाही सुचवली. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी सम्राटाने राजधानीच्या विद्यापीठात जावं, विद्यार्थ्यांच्या रांगेत बसावं, आणि कारभार चुकत असेल तर प्रमुख आचार्यांनी तिथेच, सगळ्यांदेखत, काही न लपवता सांगावं. एकाही सम्राटाने हे अमलात आणलं नाही.