एसटीपी बंद ठेवून कागदावर चालू कसा ठेवावा

सोसायटीच्या नव्या कमिटीचं अभिनंदन. बिल्डरने जाता जाता तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा जो प्लांट (एसटीपी) तुमच्या गळ्यात मारलाय, त्याचा हिशोब आधी समजून घ्या. 120 फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर. म्हणजे रोजचं 81,000 लिटर पाणी आणि त्यातलं साधारण 65,000 लिटर सांडपाणी होऊन खाली येणार. मेंटेनन्स तर वाढवायचा नाही, तसं तुम्ही निवडणुकीत सांगितलंय.

तेव्हा पहिला बळी टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा. एरेशन टाकीत, म्हणजे जिथे जिवाणू घाण खातात तिथे, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, तो त्याच्याच हवेतून येतो. रात्री दहाला बंद, सकाळी सहाला चालू. तपकिरी, ओल्या मातीच्या वासाचा गाळ (म्हणजे हेच जिवाणू) लवकरच काळा पडेल आणि सडक्या अंड्यांचा वास लिफ्टच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर पोचेल. कुणी तक्रार केली तर हवामानावर ढकला. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, एकदा मेले की पुन्हा जम बसायला काही आठवडे जातात. मग ‘कल्चर’ म्हणजे जिवाणूंच्या पावडरची पाकिटं मागवा. चालू प्लांटमधला ताजा गाळ टँकरने आणला तर काम लवकर होतं, पण ब्लोअर बंदच ठेवायचा असेल तर तोही मरतो, त्यापेक्षा पावडर स्वस्त.

ऑपरेटरच्या हाती एक लिटरचं मोजपात्र मात्र देऊ नका. एरेशन टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास हलवलं नाही की गाळ तळाशी बसतो. तो 300 मिलीच्या आसपास बसला तर ठीक, 700 वर अडकला तर गाळ काढायला हवा किंवा तो फुगलाय, हे त्याला कळेल. मग तो गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस, गाळाच्या गुठळ्या करणारं पॉलिमर आणि गाळ उचलणारा ठेकेदार असे खर्च सुचवत बसेल. न काढलेला गाळ सेटलिंग टाकीच्या काठावरून एक दिवस आपणहून निघून जातो. सँड फिल्टर तुंबतो, पण बायपास व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो ना?

लॉगबुक महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरावं. पीएच 7.2, एमएलएसएस (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ) 3500, ब्लोअर 20 तास. रविवारीही तेच, लक्ष्मीपूजनालाही तेच. धोका सबमीटरचा, म्हणजे फक्त प्लांटची वीज मोजणाऱ्या मीटरचा. 5 एचपीची मोटर 20 तासांत साधारण 75 युनिट खाते, महिन्याला 2,250. तिथे 1,800 दिसले तर गुणाकार येणारा अधिकारी हसतो. सबमीटर नादुरुस्त ठेवा.

नमुना घ्यायला येणार असतील त्या दिवशी शेवटच्या टाकीत टँकरचं पाणी आणि वर सढळ हाताने हायपो (क्लोरीनचं द्रावण). बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात तो आकडा; त्याची बाटली 27 अंशांना तीन दिवस ठेवतात. क्लोरीन उरलं तर बाटलीतले जिवाणूच मरतात आणि आकडा छान खाली येतो. लॅबने आधी सोडियम सल्फाइट टाकून क्लोरीन मारलं, तर तुमचं नशीब.

(एवढं एक उपरोधाने नाही. टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नका. काळ्या गाळातल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.)

उरलेलं पाणी पहाटे तीनला पावसाळी गटारात सोडा. गटारातून ओढा, ओढ्यातून मुळा-मुठा, तिथून भीमा आणि पुढे उजनी. तुमच्या साबणातलं फॉस्फेट आणि सांडपाण्यातला अमोनिया जलपर्णीला पोसतात, आणि तेच धरण सोलापूरला पाणी पाजतं. सोलापूरकर तुमच्या सोसायटीचे सभासद नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण सभेत हा विषय निघणार नाही.

प्लांटचंच पाणी येणाऱ्या फ्लशच्या लाइनीला वास यायला लागला की सभासद स्वतःच टँकर मागतील. तो जरूर मागवा, फक्त त्याचं बिल ताळेबंदात विजेच्या बचतीशेजारी छापू नका.