कारखान्याचा नमुना आणि विद्यापीठाची लॅब

बडोद्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार आपला माल तपासायला विद्यापीठाची सरकारी यंत्रं फुकट वापरतात, प्राध्यापक शिकवायचं सोडून धंदा करतात, तिथला चाचणीचा रिपोर्ट कुठे चालत नाही आणि वर कारखान्याचं गुपित फुटतं. म्हणजे कारखानदार एकाच वेळी लुटतोही आणि लुटलाही जातो!

धंद्याचं आधी उरकू. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन (विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेचं मूळ) काढलं ते कारागिरी आणि उद्योगासाठीच. तिथे शिकवलेले प्रा. गज्जर आणि त्यांच्यासोबत कोटिभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी केली.

'फुकट'चं म्हणाल तर अनुदानातून यंत्र येतं, ते चालवायचा खर्च दरवेळी येतोच असं नाही. एनएमआर या रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या चुंबकात द्रव नायट्रोजन आणि हेलियम भरत राहावं लागतं, नमुना असो वा नसो. हेलियम फार उतरलं की चुंबक 'क्वेंच' होतो, म्हणजे त्याचं चुंबकत्व एकदम जातं, आणि तो पुन्हा उभा करणं महागात पडतं. बाहेरच्यांना लावलेला चढा दर इथे कामी येतो. त्यावर १८ टक्के जीएसटीही आहेच.

रिपोर्ट चालत नाही, हे अर्धं खरं. एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता अख्ख्या लॅबला सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांना असते. टेंडरला ती लागत असेल तर आधी 'स्कोप', म्हणजे मान्य चाचण्यांची यादी, मागून आपली चाचणी त्यात आहे का ते बघा. पण शाफ्ट का तुटला एवढंच शोधायचं असेल तर शिक्क्यावाचून अडत नाही.

अडतं ते नमुन्यापाशी. तुटलेले दोन तुकडे जुळवून बघायचा मोह आवरा. घासलं की फटीगच्या, म्हणजे वारंवार ताण पडून धातू थकल्याच्या, बारीक रेषा चेपतात आणि एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला काही उरत नाही. वायर ब्रश नको, आम्ल नको. गॅसने कापू नका, उष्णतेने धातूची रचना बदलते. कूलंट सोडत करवतीने, तुटीपासून लांब कापा. मग तुकडा कोरडा करून सिलिका जेलच्या पिशवीत ठेवा. सोबत ड्रॉइंग, ग्रेड आणि किती तास चालला ते लिहून द्या.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखायच्या चाचणीला, १-२ मिलिग्रॅम पावडर १००-२०० मिलिग्रॅम केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारात) घोटतात. पावसाळ्यात केबीआर ओल धरतं आणि आलेखावर ३४०० सेमी⁻¹ च्या आसपास रुंद उंचवटा येतो. कारखानदार म्हणतो, मालात भेसळ! असतं निव्वळ पाणी. केबीआर ११० अंशांवर रात्रभर वाळवलं होतं का, हे विचारायला लाजू नका.

गुपिताची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. साध्या चाचणीला मालाचं नाव सांगायची गरज नाही, कोड नंबर पुरतो. घातक असेल तर तेवढं मात्र सांगावंच लागतं. प्रायोजित संशोधनात पैसे देण्याआधी ठरवा: पेटंट कोणाच्या नावावर, अर्ज कोण करणार, शोधनिबंध किती महिने थांबणार. अर्ज आधी, छपाई नंतर. आणि कामावर पीएचडीचा विद्यार्थी असेल तर करारात प्रबंधाचं कलम घाला. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढतो आणि तिथे तो कोणीही वाचू शकतो, तुमचा स्पर्धकसुद्धा.