गंज म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

आज सर्व्हिस सेंटरचा कागद हातात पडला. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेला सीपीयू, तीन वर्षांची वॉरंटी, आणि कागदावर एवढंच: 'बोर्डवर गंज. वापरातील निष्काळजीपणा. वॉरंटी लागू नाही.'

निष्काळजीपणा. दुपारपासून हा शब्द घशात अडकलाय.

तुम्ही सगळे मला ओळखता. हर्णैला घरातच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे अहवाल, मुलांचे ऑनलाईन फॉर्म. कॉम्प्युटर म्हणजे माझी चूल आहे. चुलीशी कोण निष्काळजीपणा करतं? आगोटीला पडवीला झापं लावायच्या आधी मी सीपीयूला कव्हर शिवते. दर पंधरा दिवसांनी रॅम काढून खोडरबरने घासते, ब्रशने पंखे झाडते. डिस्प्ले आला नाही आणि तीन वेळा बीप वाजलं की काय करायचं हे मला पाठ आहे. आणि सीपीयू न उघडताच माझ्याशी बोलणारा, एसीत बसलेला पंचविशीतला मुलगा विचारतो, "मॅडम, समुद्राजवळ ठेवला होता का?"

हो रे बाबा, समुद्राजवळच ठेवला होता, कारण माझं घर समुद्राजवळ आहे. खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो. घर कुठे नेऊ?

मग मी त्याला टाकीबद्दल सांगितलं आणि तो हसला. शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून म्हणाला, "अरे ऐक, या मॅडमनी कॉम्प्युटर तेलात बुडवलाय." दोघे हसले. ही पोस्ट त्या हसण्यामुळे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या माजघरात, देवघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, मासे पाळायची काचेची टाकी आहे. दोन फूट लांब. तिच्यात पंचेचाळीस लिटर लिक्विड पॅराफिन आहे, आणि त्या तेलात माझा जुना कॉम्प्युटर उभा आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), पंखा, सगळं बुडालेलं. वरून फक्त वायरी बाहेर येतात. हा तिसरा पावसाळा. एकदाही बंद पडलेला नाही. नवा, कव्हर घातलेला, ब्रशने झाडलेला सीपीयू त्याच माजघरात टाकीपासून चार पावलांवर चौदा महिन्यांत मेला.

हे डोकं माझ्या पुतण्याचं. पुण्याला शिकतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि म्हणाला, "काकी, यंदा पावसाआधी हा कॉम्प्युटर तेलात टाकूया." मी त्याला जेवायला वाढत होते, डाव हातातच राहिला. दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मला रस्त्यावरच्या डीपीपाशी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी घेऊन गेला. म्हणाला, "काकी, ह्याच्या पोटात काय आहे? तेलच आहे. अकरा हजार व्होल्टची लाईन येते आत, आणि तांब्याची वेटोळी तेलात बुडालेली असतात. तेलातून वीज जात नाही, पण उष्णता जाते. बाजूला पंखांसारखे पत्रे दिसतात ना, ते तेल थंड करायला." वीस वर्षं त्या डीपीखालून बाजारात जातेय, मान वर करून पाहिलं नव्हतं. काही मोठ्या डीपींना काचेची एक बाटली असते, तिच्यात निळे खडे. ते खडे आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात आणि भिजले की गुलाबी होतात. म्हणजे आपल्याच वीज मंडळाला ठाऊक आहे की तेल चालतं, ओलावा चालत नाही. आणि माझ्यावर हसतात.

ओतायच्या दिवशी सासूबाई माजघरात पाटावर बसून होत्या. वय एक्याऐंशी. आम्ही पाच लिटरचा एकेक कॅन रिकामा करत होतो. तेल बोर्डवर चढत गेलं तसे चिपांच्या फटींतून बारीक बुडबुडे सुटून वर येत होते, एसएमपीएसमधून तर कितीतरी वेळ येत होते. माझा जीव टांगणीला लागलेला. सासूबाईंनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, लोणच्यावर बोटभर तेल उभं का ठेवतो आपण? हवा लागू नये म्हणून. तसंच ना हे?"

तसंच. अगदी तसंच. पुतण्या मला दोन दिवस जे समजावत होता ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बाहेरच्या देशांत लोक हे करतात ते थंडाव्यासाठी. गेम खेळणाऱ्यांचे कॉम्प्युटर तापतात, पंख्यांचा आवाज होतो, म्हणून तेलात बुडवतात. मोठ्या यंत्रांचीही हीच तऱ्हा. क्रे-2 नावाचा सुपरकॉम्प्युटर 1985 साली आला, तो एका खास द्रवात बुडवलेला होता. टोकियोतल्या विद्यापीठाने त्सुबामे-केएफसी हा सुपरकॉम्प्युटर तेलात बसवला आणि 2013 च्या नोव्हेंबरात वीज सर्वांत काटकसरीने वापरणाऱ्या यंत्रांच्या जागतिक यादीत तो पहिला आला. तिथे कोणी हसलं नसेल.

पण आपल्या किनाऱ्यावर उष्णता हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा हवा. पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. तांदूळ टाका नाहीतर काही करा, तळाशी पाणी सुटतंच. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दमटपणा त्याच्या खाली येतो कधी? आणि सीपीयूचा पंखा काय करतो? हीच खारी हवा दिवसभर आत ओढतो आणि बोर्डवर फुंकतो. मिठाचा अदृश्य थर बसतो, त्याला पाणी सुटतं, आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरा चढतो. मी हवा लागावी म्हणून पंखे झाडत होते आणि दर झाडणीला मीठ आत जायला वाट मोकळी करून देत होते. हे लिहिताना मला रडू येतंय, खरंच.

तेलात हा प्रश्नच उरत नाही. बोर्डला हवा लागत नाही, मीठ लागत नाही, पाल आत शिरत नाही (आमच्या आधीच्या एसएमपीएसमध्ये पाल चिकटून मेली होती, घरभर वास), मुंग्या घर करत नाहीत. पंखा तेलात सावकाश फिरतो, घट्ट कढीत डाव फिरवावा तसा, आणि आवाज जवळजवळ नाही. बंदरावर कुठल्याही खलाशाला विचारा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढल्या की इंजिनाला तेल-ग्रीस फासून ठेवतात की नाही? आपण कोयता, विळी पावसाआधी तेलाचा हात फिरवून ठेवतो की नाही? मग कॉम्प्युटरचंच काय वेगळं आहे?

आता कोणी म्हणेल, पसारा होतो. होतो. रॅम बदलायची तर कोपरापर्यंत हात तेलाचे, खाली वर्तमानपत्रं अंथरायची, आणि ते तेल आठवडाभर जमिनीवरून जात नाही. मान्य.

फिरणारी हार्डडिस्क तेलात चालत नाही, तिला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, त्यातून तेल आत शिरतं आणि ती संपते. आमची आधी बाहेर टांगली होती, आता एसएसडी आहे, तिच्यात फिरणारं काही नसतं. वायरींचा त्रास खरा आहे. समईच्या वातीतून चढतं तसं तेल वायरीच्या आतून चढतं. पहिल्या महिन्यात सकाळी कीबोर्डखाली तेलाचा डाग दिसला, मला वाटलं मांजराने काही सांडलं. ते तेल टाकीतून यूएसबीच्या वायरीने वर चढून, काठावरून उतरून टेबलापर्यंत आलं होतं. तेलात राहिलेल्या वायरींचं प्लास्टिक काही महिन्यांनी कडक होतं, वाकवलं तर तडकतं. आमच्या दोन बदलून झाल्या. आणि 230 व्होल्ट त्या टाकीत जातात, तेव्हा अर्थिंग नीट नसेल त्या घरात कृपा करून हे करू नका. आम्ही वायरमनला बोलावून आधी अर्थिंग तपासून घेतलं, मगच बटण दाबलं.

शेजारच्या काकींनी विचारलं होतं, एवढं विकतचं तेल कशाला, खोबरेल आहे की घरचं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, डिसेंबरात बाटलीत दगड होतो हे आपण बघतोच. शिवाय खाद्यतेल कुठलंही असो, ते खवट होतं आणि चिकट होऊन बसतं. भंगारातलं जुन्या डीपीचं तेलही कोणी आणू नका, पूर्वीच्या काही तेलांत पीसीबी नावाची विषारी द्रव्यं असायची. लिक्विड पॅराफिन बिनरंगी, स्वच्छ असतं. मेडिकलमध्ये पोट साफ व्हायला मिळतं तेच, आम्ही फक्त घाऊक आणलं. आठ-नऊ हजार गेले, तेही मान्य. पण मेलेल्या सीपीयूचे किती गेले?

तापतं का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझा कॉम्प्युटर साधा आहे, शंभरेक वॉट खातो. इतक्या तेलाला तेवढ्या उष्णतेने तासाला जेमतेम चार-पाच अंश चढतात, आणि काचेतूनही उष्णता बाहेर जातच असते. टाकीत माशांचा थर्मामीटर लावलाय. मे महिन्यात सकाळी 30 असतो, दिवसभर काम करून संध्याकाळी 42-43 वर येऊन थांबतो. त्याच्या वर कधी गेला नाही. गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर असेल तर एवढ्यावर भागणार नाही, पंप आणि रेडिएटर लावून तेल फिरवावं लागेल. पत्रिका छापणाऱ्या बाईला त्याची गरज नाही.

सासूबाई थर्मामीटर बघत नाहीत. रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून आत आल्या की टाकीच्या काचेला तळवा टेकवतात, पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि मला सांगतात, "आज बरीच कामं झाली गो तुझी." काच किती गरम आहे यावरून त्यांना माझा दिवस कळतो.

आज परत आले तेव्हाही त्यांनी हात लावला आणि म्हणाल्या, आज गारच आहे. मी म्हटलं, दिवसभर त्या सर्व्हिस सेंटरात बसले होते आई, काम कुठून होणार. त्यांनी कागदावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून मला चहा टाकला. आता मघाचा राग जरा उतरलाय.

त्या मुलावर तरी किती रागवायचं. त्याच्यासमोर छापील फॉर्म आहे, त्यावर गंजाच्या पुढे एकच चौकोन आहे. पण तो फॉर्म ज्याने बनवला त्याच्यावर माझा राग आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी माणसं राहतात, त्या सगळ्यांना तुम्ही हेच यंत्र याच किमतीला विकता, दुकानात विकताना कोणी विचारत नाही समुद्र किती लांब आहे. बिघडल्यावर विचारता. निसर्ग वादळ झालं, 3 जून 2020, तेव्हा आमच्या घरची कौलं उडाली, पाणी माजघरात आलं. त्या कॉम्प्युटरबद्दल मी कोणाकडे गेले नाही, वादळ ते वादळ. पण रोजचा वारा म्हणजे वादळ नव्हे. रोजच्या वाऱ्यात राहणं म्हणजे निष्काळजीपणा असेल तर अख्खा किनारा निष्काळजी आहे, आणि आमचे आजे-पणजेही होते.

एका टाकीवरून काही सिद्ध होत नाही म्हणाल तर नसेल होत. माझ्यासमोर दोन यंत्रं आहेत, एक तेलातलं, एक हवेतलं. मला तेवढं पुरतं.

ही पोस्ट तेलातल्यावरच टाईप करतेय. बाहेर पाऊस ओततोय, पागोळ्यांचा आवाज आहे, यूपीएसवर आहे, लाईट मघाशीच गेली. टाकीच्या तळाशी पॉवरचा छोटा हिरवा दिवा तेलातून दिसतोय.

रात्री पुतण्याला फोन केला. म्हटलं, नव्याची वॉरंटी गेलीच आहे, आता त्याचा बोर्ड दुरुस्त होतो का बघू, आणि झाला तर दुसरी टाकी करू. तो म्हणाला, "काकी, आधी बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धू, मग पाणी उडायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मीठ राहिलं तर तेलाखालीही खातं. आणि एसएमपीएस उघडू नकोस, मी आल्यावर बघतो." गणपतीला येतोय.

तर, दापोलीहून शनिवारी कोणी गाडीने हर्णैला येणार असेल तर मला सांगा. लिक्विड पॅराफिनचे नऊ कॅन आणायचे आहेत, पाच-पाच लिटरचे, पैसे आधीच देऊन ठेवते. डिकीत उभेच ठेवा, आडवे नकोत, झाकणातून झिरपतं.